वाचकांचे प्रश्न : एकसष्टच्या पोटातली दहा अंकी संख्या

गेल्या अंकात चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणच्या शिलालेखाविषयी लिहिताना एका चौकटीत भास्कराचार्यांचं एक कोडं दिलं होतं. शून्याहून मोठी अशी पूर्णसंख्या शोधा की तिच्या वर्गाला ६१ ने गुणून त्यात १ मिळवला, तर पुन्हा पूर्ण वर्गच हाती येईल. सर्वांत लहान उत्तर २२६१५३९८० आणि मिळणाऱ्या वर्गाचं मूळ १७६६३१९०४९. त्यावर खान्देशातून आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख या दहा अंकी संख्येवर आहे. म्हणून या वेळचं सदर तिलाच दिलं आहे.

ही संख्या वाचायची कशी? आणि ती पाटणच्या लेखात कोरलेली आहे का?
— एक वाचक, चाळीसगाव

एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास. उजवीकडून आधी तीन अंक तोडा, मग दोन-दोन : १,७६,६३,१९,०४९. धाकटी संख्या २२,६१,५३,९८०, म्हणजे बावीस कोटी एकसष्ट लाख त्रेपन्न हजार नऊशे ऐंशी.

लेखात ही संख्या शोधू नका, ती तिथे नाही. पाटणचा लेख इ.स. १२०७ चा आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याची नोंद त्यात आहे. कोडं आहे भास्कराचार्यांच्या बीजगणितात. त्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ.स. १११४ चा, आणि बीजगणित ज्याचा भाग आहे तो सिद्धान्तशिरोमणी पुरा झाला ११५० मध्ये. फ्रान्सच्या फर्माने हेच ६१ चं कोडं युरोपातल्या गणितज्ञांपुढे टाकलं ते १६५७ मध्ये, पाचशे वर्षांनी.

जाता जाता एक गोष्ट. भास्कराचार्यांच्या स्थाननामांच्या यादीत एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष असं करत अब्ज हे दहावं नाव येतं, म्हणजे आपली संख्या बरोबर तिथवर पोचते. यादी अठराव्या नावावर, परार्धावर संपते. आपल्या संख्येचा वर्ग ३१,१९,८८,२९,८२,८६,०२,६४,४०१ हा एकोणीस अंकी आहे. त्याच्या पहिल्या अंकाच्या स्थानाला यादीत नावच उरत नाही!

आम्ही केळीवाले. कोडं असं समजलो : ६१ चौरस तुकडे, प्रत्येकात जितक्या ओळी तितकीच ओळीत खोडं, आणि वर एक खोड जास्तीचं. सगळी मिळून एकच मोठा चौरस मळा व्हावा. बरोबर आहे का? आणि ६१ लाच एवढा मोठा आकडा का?
— एक शेतकरी, रावेर

अगदी बरोबर समजलात, आणि तुमच्याच भाषेत उत्तर देणं सोपं आहे. ६० तुकडे घ्या. प्रत्येकात ४ × ४ म्हणजे १६ खोडं, एकूण ९६०. एक जास्तीचं लावलं की ९६१, म्हणजे ३१ × ३१. पाच बाय पाच फुटांवर लावलीत तर अर्ध्या एकराहून थोडी जास्त जागा लागेल. ६२ तुकडे घेतले तर प्रत्येकात ८ × ८, एकूण ३९६८ आणि एक, म्हणजे ६३ × ६३. सव्वादोन एकरांत काम झालं. मधल्या ६१ ला मात्र प्रत्येक तुकड्यात बावीस कोटींहून जास्त ओळी लागतात. त्याहून लहान आकड्याने जमतच नाही. तेवढी खोडं पाच बाय पाचवर लावायला, समुद्रासकट सगळी धरती धरली तरी, सुमारे १४ हजार पृथ्व्या लागतील.

कारण ६१ च्या वर्गमुळात आहे. वर्गमूळ वितत अपूर्णांकाने लिहायचं, म्हणजे पूर्ण भाग बाजूला काढायचा, उरलेल्याचा व्यस्त घ्यायचा, पुन्हा पूर्ण भाग काढायचा. असं करत गेलं की आकडे ठरावीक टप्प्याने परत येतात. ६० साठी आधी ७ येतो आणि मग १, २, १, १४ हे चारच आकडे फिरतात. ६२ साठीही चारच : १, ६, १, १४. ६१ साठी १, ४, ३, १, २, २, १, ३, ४, १, १४ असे अकरा. साधारणपणे फेरा जितका लांब तितकं उत्तर मोठं, हे एक. दुसरं असं की अकरा ही विषम संख्या आहे. त्यामुळे पहिल्या फेऱ्याच्या शेवटी +१ ऐवजी −१ हाती येतो, म्हणजे जास्तीचं खोड लावण्याऐवजी एक काढावं लागतं, आणि +१ साठी सगळा फेरा पुन्हा करावा लागतो. पहिल्या फेऱ्याचं फळ पाच अंकी असतं, दुसऱ्याचं दहा अंकी.

कॅल्क्युलेटर नसताना भास्कराचार्यांनी हे काढलं कसं? पायऱ्या द्या.
— एक शिक्षिका, चोपडा

पद्धतीचं नाव चक्रवाल. तिला ब्रह्मगुप्तांच्या ‘भावने’ची जोड आहे. इथे भावना म्हणजे दोन उत्तरं एकत्र करून तिसरं काढणं. मोठ्या मुळाला ज्येष्ठ म्हणू, लहानाला कनिष्ठ, आणि ज्येष्ठाच्या वर्गातून ६१ पट कनिष्ठवर्ग वजा केल्यावर जे उरतं त्याला क्षेप. क्षेप १ वर आणायचा, एवढंच काम.

सुरुवात ज्येष्ठ ८, कनिष्ठ १. ६४ वजा ६१, क्षेप ३.

आता असा गुणक हवा की तो १ ने गुणून ८ मध्ये मिळवल्यावर ३ ने भाग जावा. १, ४, ७, १० असे गुणक चालतात. त्यांतला असा निवडायचा की ज्याचा वर्ग ६१ च्या सर्वांत जवळ येईल. ७ चा वर्ग ४९, अंतर १२. १० चा वर्ग १००, अंतर ३९. म्हणून ७. वर्गात नेमकी इथेच गल्लत होते. मुलं ‘६१ च्या जवळचा वर्ग ६४’ म्हणून ८ उचलतात. मग ८ आणि ८ सोळा, त्याला ३ ने भाग जात नाही आणि पुढे सगळे अपूर्णांक. १० घेतलं तर गणित चुकत नाही, पण क्षेप १३ होतो, म्हणजे लहान होण्याऐवजी वाढतो.

७ घेतल्यावर नवा कनिष्ठ : ८ आणि ७ पंधरा, भागिले ३, म्हणजे ५. नवा ज्येष्ठ : ८ × ७ मध्ये ६१ मिळवून ११७, भागिले ३, म्हणजे ३९. नवा क्षेप : ४९ वजा ६१, म्हणजे −१२, भागिले ३, म्हणजे −४. ताळा पाहा : ३९ चा वर्ग १५२१, ६१ × २५ = १५२५.

इथून भावना. नियम असा : ज्येष्ठाला ज्येष्ठाने गुणा, त्यात ६१ × कनिष्ठ × कनिष्ठ मिळवा, तो नवा ज्येष्ठ. ज्येष्ठ-कनिष्ठांचा तिरपा गुणाकार करून बेरीज घ्या, तो नवा कनिष्ठ. क्षेपांचा गुणाकार, तो नवा क्षेप.

(३९, ५) ची स्वतःशीच भावना केली की ३०४६ आणि ३९० मिळतात, क्षेप १६. दोन्ही मुळं निम्मी करा : १५२३ आणि १९५, क्षेप ४. मुळं २ ने भागली तर क्षेप ४ ने भागायचा, २ ने नव्हे; वह्या तपासताना ही चूक हमखास दिसते. आता (१५२३, १९५) ची (३९, ५) शी भावना : ११८८७२ आणि १५२२०, क्षेप −१६. मुळं ४ ने भागा, क्षेप १६ ने : २९७१८ आणि ३८०५, क्षेप −१. हेच ते पहिल्या फेऱ्याचं पाच अंकी फळ. त्याची स्वतःशी भावना केली की −१ गुणिले −१ म्हणजे +१, आणि मुळं १७६६३१९०४९ व २२६१५३९८०.

एक फेरा चक्रवालाचा आणि तीन भावना. सगळं पाटीच्या एका बाजूवर मावतं. आठवी-नववीच्या वर्गात हे एकदा तरी करून दाखवावं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

एक्सेलमध्ये पहिल्या संख्येचा वर्ग केला, दुसरीच्या वर्गाची ६१ पट वजा केली. उत्तर १ यायला हवं, ० येतं. तुमची संख्या चुकली आहे का?
— एक वाचक, शहादा

संख्या बरोबर आहे, अपुरं पडतं ते एक्सेल. ते पंधराच सार्थ अंक दाखवतं. आपला वर्ग एकोणीस अंकी, म्हणून पडद्यावर ३११९८८२९८२८६०२६०००० दिसतं आणि शेवटचे ४४०१ गळतात. आतल्या साठवणीत एवढ्या मोठ्या संख्या ५१२ च्या पटीतच बसतात. एकाच्या अंतरावरच्या दोन संख्या एकाच खणात पडल्या की वजाबाकी शून्यच येणार. पायथॉनमध्ये पूर्णसंख्या म्हणून लिहिल्या तर उत्तर १ च येतं. मात्र नुसता ‘.०’ मागे जोडला की तिथेही शून्य.

हाताने पडताळायचं तर वर्ग करूच नका, शेजारी पाहा. वर्गातून १ वजा करणं म्हणजे मागची संख्या गुणिले पुढची संख्या. मागची १७६६३१९०४८, ती २९७१८ च्या वर्गाची (८८३१५९५२४) बरोबर दुप्पट आहे. पुढची १७६६३१९०५०, ती ३८०५ च्या वर्गाची (१४४७८०२५) १२२ पट. दोन्हींचा गुणाकार म्हणजे २ × १२२ × दोन वर्ग, म्हणजेच ६१ × (२ × २९७१८ × ३८०५) चा वर्ग. कंसातला गुणाकार करा : २२६१५३९८०. दहा अंकांच्या पुढे न जाता पुरावा झाला.

सर, १७६६३१९०४९ ही मूळ संख्या आहे का? मी ७ पर्यंत भाग देऊन पाहिला, जात नाही.
— इयत्ता नववी, धुळे

मूळ नाही. तू एकच पाऊल आधी थांबलास. ११ ची कसोटी लाव : उजवीकडून एक अंक अधिक, पुढचा उणे. ९−४+०−९+१−३+६−६+७−१ = ०. म्हणजे ११ ने भाग जातो, भागाकार १६०५७४४५९. पुढे १३, १७, १९ असं चढत जा. ५९ ला भाग जातो आणि २७२१६०१ उरतात.

इथे खरी चढण लागते. असाच एकेक मूळ संख्येने भाग देत गेलास तर १५२३ पर्यंत जावं लागेल, आणि १५२३ ही मूळ संख्यांच्या रांगेत २४१ वी आहे. त्याऐवजी फर्माची युक्ती वापर. २७२१६०१ पेक्षा थोडा मोठा वर्ग घ्यायचा, वजाबाकी करायची आणि उरलेली संख्याही वर्ग आहे का ते पाहायचं. १६५० पासून सुरू कर :

१६५० चा वर्ग २७२२५००, उरतात ८९९. एकाने हुकलं, ३० चा वर्ग ९००.
१६५१ ला ४२०० उरतात. वर्ग नाही.
१६५२ ला ७५०३ आणि १६५३ ला १०८०८. शेवटी ३ किंवा ८ असलेली संख्या वर्ग असूच शकत नाही, तिथे वेळ घालवू नकोस.
१६५४ ला १४११५. नाही.
१६५५ ला १७४२४, आणि हा १३२ चा वर्ग आहे!

म्हणून २७२१६०१ = (१६५५ − १३२) × (१६५५ + १३२) = १५२३ × १७८७. सहा पायऱ्यांत सुटलं, कारण दोन्ही अवयव जवळजवळ आहेत. ते लांब असते तर ही युक्ती भागाकारापेक्षाही रेंगाळली असती, हे लक्षात ठेव. १५२३ मूळ आहे हे ३७ पर्यंतच्या, आणि १७८७ मूळ आहे हे ४१ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की कळतं.

तर १७६६३१९०४९ = ११ × ५९ × १५२३ × १७८७. एकूण विभाजक १६. या चौघांना २४ ने भागून पाहा, प्रत्येक वेळी बाकी ११ च उरते.

१५२३ ओळखीची वाटली का? वरच्या उत्तरात भावनेची पहिली पायरी १५२३ आणि १९५ अशी आली होती. १५२३ चा घन ३५३२६४२६६७. त्यातून १५२३ ची तिप्पट, म्हणजे ४५६९ वजा कर आणि निम्मे कर. उत्तर १७६६३१९०४९. घनातही १५२३ आणि तिपटीतही १५२३, म्हणून ती अवयव असणं ठरलेलंच होतं.

एका स्पर्धा-पुस्तिकेत हीच संख्या १७६६३९१०४९ अशी छापली आहे. नवाचा ताळा दोन्हींचा जुळतो. खरी कोणती?
— एक वाचक, अमळनेर

तुमच्या पुस्तिकेत १ आणि ९ ची अदलाबदल झाली आहे. अंकांची बेरीज दोन्हीकडे ४६ च, म्हणून नवाच्या ताळ्याला अदलाबदल दिसतच नाही. शेजारचे दोन वेगळे अंक उलटले तर अकराचा ताळा चूक पकडतो. पुस्तिकेतल्या संख्येची अकराची कसोटी १६ येते, म्हणजे ११ ने भाग जात नाही; खऱ्या संख्येला जातो. हिशेबाच्या वह्यांतही नवाच्या जोडीने अकराचा ताळा घ्यावा, मेहनत तेवढीच पडते.

कापरेकरांच्या हर्षद संख्यांत ही बसते का?
— एक वाचक, भुसावळ

देवळालीला शिक्षक असलेल्या द. रा. कापरेकरांनी हर्षद हे नाव दिलं. आपल्याच अंकांच्या बेरजेने जिला भाग जातो ती हर्षद संख्या. आपल्या मोठ्या संख्येची बेरीज ४६, ती सम, आणि संख्या विषम. भाग जाणार नाही. धाकटी मात्र बसते : २+२+६+१+५+३+९+८+० = ३६, आणि २२६१५३९८० ÷ ३६ = ६२८२०५५. तिचे अवयव २ × २ × ३ × ३ × ५ × १३ × १२७ × ७६१, विभाजक १४४. कापरेकरांची प्रसिद्ध ६१७४ देखील हर्षदच : बेरीज १८, भागाकार ३४३, म्हणजे ७ चा घन.

एवढं ध्यानात असू द्या की हर्षद असणं हा दशमान लिखाणाचा गुण आहे. दहाऐवजी दुसऱ्या पायावर (उदाहरणार्थ दोनच्या) लिहिली की तो जाऊ शकतो. अवयव कुठल्याही लिखाणात तेच राहतात.

या संख्येचा उपयोग काय? आणि याच जातीची, पण हाताने लवकर सुटणारी दुसरी संख्या द्या.
— गणित मंडळ, जळगाव

१७६६३१९०४९ ला २२६१५३९८० ने भागा. ६१ चं वर्गमूळ दशांशचिन्हानंतर सतरा घरं अचूक मिळतं : ७.८१०२४९६७५९०६६५४३९. याहून पुढची घरं हवी असतील तर दोन्हींची पुन्हा स्वतःशी भावना करा; पुढची जोडी ६२,३९,७६,५९,६५,७२,०५,२८,८०१ आणि ७,९८,९२,०१,६५,७६,२३,३०,०४० ही येते.

सरावाला ६७ घ्या, हे उदाहरणही भास्कराचार्यांचंच आहे. सुरुवात ८ आणि १, क्षेप −३. गुणक ७ घेतला की ४१ आणि ५, क्षेप ६. गुणक ५ : ९० आणि ११, क्षेप −७. गुणक ९ : २२१ आणि २७, क्षेप −२. आता स्वतःशी भावना : ९७६८४ आणि ११९३४, क्षेप ४. निम्मे करा : ४८८४२ आणि ५९६७. मग ४८८४२ चे दोन्ही शेजारी तपासा. मागचा ४८८४१, तो २२१ चा वर्ग. पुढचा ४८८४३, तो २७ च्या वर्गाची ६७ पट.